तिने फक्त फोटो मागितले होते

आज ९ नोव्हेंबर. १९३८ साली याच रात्री जर्मनीभर ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली, जाळली. सकाळी साडेसहाला मी आणि लेक खाली उतरलो, फुटपाथवर जुना पेपर अंथरून गुडघे टेकले आणि आमच्या बर्लिनच्या इमारतीच्या दारासमोरचे चार पितळी दगड घासून काढले. पितांबरीने. दर खेपेला नगरहून येताना दोन पाकिटं आणते, एक देवांसाठी, एक यांच्यासाठी. उजाडल्यावर फोटो काढला आणि माहेरच्या ग्रुपवर टाकला.

पंधरा मिनिटांत उत्तर आलं. नात्यातल्याच, माझ्याहून मोठ्या, चांगल्या शिकलेल्या माणसाचं. "अगं किती वर्षं उगाळत बसणार हे लोक? ८० वर्षं होऊन गेली. आणि काही म्हण, त्या माणसाकडे शिस्त होती." तो माणूस म्हणजे हिटलर. खाली तिघांचे अंगठे.

दिवसभर काम केलं, घरी आले, कुकर लावला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. ग्रुपवर एवढं लांबलचक लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहितेय. तुम्ही सगळे माझ्यासारखेच आहात, तुम्हाला हे पटवायची गरज नाही. पण आज मला बोलायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी दगडांबद्दल. इथे त्यांना श्टोलपरश्टाइन म्हणतात, म्हणजे ठेच लागावी असा दगड. हिटलरच्या राजवटीत ज्यांना नेलं, मारलं, त्यांच्या घरासमोर तो बसवतात. दहा सेंटिमीटरचा चौकोन, वर पितळेचा पत्रा, त्यावर एकेक ठोकलेलं अक्षर. 'इथे राहत होता' किंवा 'इथे राहत होती', मग नाव, जन्माचं साल, कधी नेलं, कुठे मारलं. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने १९९२ साली कोलोनमध्ये पहिला दगड बसवला आणि २०२३ मध्ये एक लाखावा बसला. आमच्या दारासमोर आई, वडील, मुलगा आणि मुलगी असे चार आहेत. तिघांवर मार्च १९४३, आउश्वित्झ, म्हणजे नाझींची मृत्युछावणी. चौथ्यावर, मुलीच्या, १९३९, इंग्लंड. नावं मुद्दाम लिहीत नाही. खाली कोण काय लिहील सांगता येत नाही, त्यात त्यांची नावं ओढली जायला नकोत.

बारा वर्षांपूर्वी आम्ही या घरात आलो तेव्हा पहिल्याच नोव्हेंबरात मी दूध आणायला निघाले आणि दारातच एका म्हाताऱ्या बाईंना धडकता धडकता राहिले. गुडघ्याखाली उशी घेऊन, जुन्या टूथब्रशने त्या दगड घासत होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. (समोर त्यांना 'फ्राऊ' लावूनच हाक मारते, पण मनात त्या आजीच आहेत.) मी विचारलं, तुमचे कोणी होते का हे? त्या म्हणाल्या, नाही, आम्ही त्यांच्या अभ्र्यांवर झोपलो.

मला वाटलं, माझं जर्मन कच्चं आहे, मी काहीतरी चुकीचं ऐकलं.

मग शेजार वाढला, मी त्यांना उपमा नेऊन द्यायला लागले, त्या लेकीला मनी ओवायला शिकवायला लागल्या, आणि तेव्हा हळूहळू एकेक कळलं. आजी १९३७ च्या. जन्म याच इमारतीतला. पहिल्या मजल्यावर हे कुटुंब राहायचं, आणि शेवटी शेवटी त्यांच्या चार खोल्यांत आणखी दोन ज्यू कुटुंबं कोंबलेली होती. १९४३ च्या मार्चमध्ये त्यांना नेलं आणि दोन महिन्यांत त्यांच्याच घरात सामानाचा लिलाव झाला. आजींच्या आईने एक ड्रॉवरचं कपाट घेतलं, आत अभ्रे आणि चादरी. चार माणसांनी ते दोन जिने वर चढवलं. पाच-सहा वर्षांच्या आजी कठड्याला धरून बघत होत्या. अभ्र्यांच्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याने दोन अक्षरं भरलेली. आजींनी आईला विचारलं, ही कुणाची अक्षरं? आई म्हणाली, कारखान्याचा शिक्का आहे तो.

इथे क्षणभर थांबा. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात ना? माझ्या आजीच्या पातेल्यावर अजून आहे, लग्नात आलेलं, कुणाकडून सप्रेम भेट ते सगळं कोरलेलं. तसंच इथे मुलीच्या रुखवतातल्या चादरी-अभ्र्यांवर अक्षरं भरायची पद्धत होती. आता असं समजा की दुसऱ्याच बाईच्या नावाच्या ताटात तुम्ही रोज जेवताय, ती बाई काल खालच्या मजल्यावर होती, आज नाही, आणि पोराने विचारलं तर सांगताय की हा कारखान्याचा शिक्का आहे.

तर शिस्त.

हो, शिस्त होती. कशाची होती ते सांगते. माणसाला घरातून न्यायच्या आधी त्याच्याकडून सोळा पानी फॉर्म भरून घ्यायचे. खुर्च्या किती, पडदे किती, टॉवेल किती, चमचे किती, अंगातले कपडे किती. खाली सही. नोव्हेंबर १९४१ मध्ये कायदा केला की जो ज्यू देशाची हद्द ओलांडेल त्याचं नागरिकत्व गेलं आणि मालमत्ता सरकारजमा. यांनीच त्याला गाडीत घालून हद्दीपार न्यायचं आणि यांनीच म्हणायचं की हा बाहेर गेला. ज्यांना हे कलम लागू होत नव्हतं त्यांच्यासाठी दुसरं कलम होतं. गाडीचं भाडंसुद्धा लावलं होतं. रेल्वेचा हिशेब माणशी किलोमीटरला चार पफेनिग (शंभर पफेनिगचा एक मार्क), मुलांना निम्मं, चार वर्षांच्या आतल्यांना काही नाही, आणि चारशेच्या वर माणसं असली तर सगळ्यांना सवलत. भाडं जातानाचंच, येतानाचं नाही. बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्टेशनावर सतरा नंबरच्या फलाटाच्या कडेने लोखंडी पट्ट्या बसवल्यात, प्रत्येकीवर तारीख, माणसांचा आकडा, आणि कुठून कुठे. पहिली गाडी १८ ऑक्टोबर १९४१ ची, पोलंडमधल्या लोड्झला गेलेली. १९४५ च्या मार्चमध्येसुद्धा गाडी सोडलीय, तेव्हा रशियन फौजा ओडर नदीपर्यंत आलेल्या. स्वतःचं शहर पडायला आलंय आणि हे गाडी वेळेवर सोडतायत. ही शिस्त हवीय का आपल्याला?

आणि मी स्वतःही यातून सुटत नाही. आमच्या शाळेत एका कडक सरांना आम्ही हिटलरच म्हणायचो. सगळे म्हणायचे. त्या शब्दात काय आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आता लाज वाटते.

मी राहते त्या भागाला बव्हेरियन मोहल्ला म्हणतात, शोनेबर्गमधला. डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशा ज्यूंची इथे वस्ती होती. आइनस्टाइनही इथलेच, १९३२ च्या डिसेंबरात देश सोडून गेले ते परत आलेच नाहीत. इथल्या विजेच्या खांबांवर ८० पाट्या आहेत, १९९३ मध्ये लावलेल्या. एका बाजूला साधं चित्र, दुसऱ्या बाजूला त्या काळातला एखादा हुकूम, तारखेसकट. पावाचं चित्र: ज्यूंनी खरेदी दुपारी चार ते पाच याच वेळात करावी, १९४०. बाकाचं चित्र: चौकात ज्यूंनी फक्त पिवळ्या रंगाच्या बाकांवर बसावं, १९३९. अंड्यांचं: ज्यूंना अंडी मिळणार नाहीत, १९४२. आणि आमच्या नेहमीच्या रस्त्यावर मांजराचं आहे. ज्यूंनी पाळीव प्राणी ठेवू नयेत, १५ मे १९४२. लेक लहान असताना मांजराची पाटी म्हणून तिला ती फार आवडायची. वाचता यायला लागल्यावर तिने त्या खांबाकडे बघणं सोडलं.

कत्तलीची सुरुवात अशी बाकापासून आणि खरेदीच्या वेळेपासून झाली, आणि प्रत्येक पायरीवर शेजाऱ्याला काहीतरी मिळत गेलं. कुणाला डॉक्टरची जागा, कुणाला दुकान, कुणाला घर, कुणाला कपाट. फ्रान्स, बेल्जियम, हॉलंडमधली सुमारे ७०,००० घरं रिकामी करून सामान जर्मनीत आणलं आणि विकलं. 'एका माणसाने केलं' असं म्हणणाऱ्यांनी सांगावं, हे सामान कुणी विकत घेतलं?

आता आजींच्या आईबद्दल. मी लिहितेय तशी ती बाई माझ्या डोळ्यांपुढे राक्षसीण होत चाललीय, आणि ते बरोबर नाही. नवरा रशियाच्या आघाडीवर, पदरात तीन पोरं, पुढे घराच्या सगळ्या काचा बॉम्बने फुटलेल्या. थंडी इथली काय असते ते मी बारा वर्षं बघतेय. पोरांच्या अंगाखाली चादर हवी होती, समोर स्वस्तात मिळाली. मी तिथे असते तर काय केलं असतं? खरंच सांगता येत नाही. हा प्रश्न मी रात्री कितीदा स्वतःला विचारलाय.

पण मग पुढचं ऐका.

कपाटाच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये फोटोंचा अल्बम राहिला होता. काळ्या पुठ्ठ्याचा. आजी तो रोज काढून बघायच्या, कारण त्यात एका मुलाने मांजर उचलून धरलं होतं आणि आजींना मांजर हवं होतं. तो मुलगा म्हणजे खालच्या मजल्यावरचा, नऊ वर्षांचा. पुढच्या हिवाळ्यात आईने अल्बमची पानं फाडून शेगडीत घातली. आजी म्हणतात, सरपणासाठी नव्हे, घरात नको म्हणून. फोटो जळताना वळतो, आधी कडा वर येतात, असं त्या हाताने करून दाखवतात.

१९४६ चा उन्हाळा. दार वाजलं. ब्रिटिश लष्कराच्या कपड्यात एकोणीस वर्षांची मुलगी. तीच, चौथ्या दगडावरची. १९३९ मध्ये बारा वर्षांची असताना आईवडिलांनी तिला मुलांच्या गाडीत बसवून इंग्लंडला पाठवलं होतं. अशी जवळपास १०,००० मुलं तिकडे गेली, एक छोटी बॅग आणि गळ्यात नंबर. भाऊ लहान म्हणून मागे ठेवला. आता ती दुभाषी होऊन परत आली होती आणि इमारतीतलं एकेक दार वाजवत होती. तिला दारातूनच कपाट दिसलं असणार, समोरच होतं. तिने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ती एवढंच म्हणाली, आमचे फोटो कुठे सापडले का? बाकी काही नको.

आजींची आई म्हणाली, फोटोबिटो काही नव्हते. आणि वर म्हणाली, आमच्याकडे पावती आहे.

नऊ वर्षांच्या आजी आईच्या मागे उभ्या होत्या. त्यांना माहीत होतं.

पावती आहे! बारा वर्षांत हे मी किती वेळा ऐकलं असेल, आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. समोर एक पोर उभी आहे जिचं या जगात कुणी उरलं नाही, आणि तिला पावती दाखवतात.

युद्ध संपलं म्हणजे सगळं संपलं असं आपल्याला वाटतं, निदान आमच्या इतिहासाच्या पुस्तकात तरी १९४५ ला धडा संपायचा. वाचलेल्यांना विचारा. पोलंडमध्ये किएल्त्से गावात परत आलेल्या ज्यूंवर जुलै १९४६ मध्ये जमाव चालून गेला, ४२ माणसं मारली. युद्ध संपल्यावर! लाखोंना घरी जाताच येईना, ते जर्मनीतल्याच निर्वासित छावण्यांत राहिले, शेवटची छावणी १९५७ ला बंद झाली. नुकसानभरपाईचा कायदा झाला, पण तुम्हीच सिद्ध करा की तुमचं काय गेलं. तुरुंगवासाच्या आणि छावणीच्या दर महिन्यामागे १५० मार्क, म्हणजे दिवसाला पाच. रात्री झोप लागत नाही, माणसांत बसवत नाही असं सांगणाऱ्यांना सरकारी डॉक्टर वर्षानुवर्षं लिहून देत होते की हा मूळ प्रकृतीचाच दोष. एकीकडे चमचे मोजलेली फाइल सरकारच्याच कपाटात, आणि दुसरीकडे याच माणसाला विचारायचं, पुरावा कुठे आहे?

बर्लिनच्या त्या फायली, सुमारे ४०,०००, आज पोट्सडामच्या अभिलेखागारात आहेत. तीन वर्षांपूर्वी लेक सहावीत होती. इथल्या म्युन्शनर रस्त्यावरच्या शाळेत १९९४ पासून एक पद्धत आहे, सहावीची मुलं याच मोहल्ल्यातल्या मारल्या गेलेल्या एका ज्यू माणसाची माहिती काढतात आणि एका विटेवर त्याचं नाव लिहून ती वीट शाळेच्या आवारातल्या भिंतीत बसवतात. तिथे पूर्वी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ होतं. लेकीने खालच्या मजल्यावरचा मुलगा घेतला. त्यांच्या फाइलच्या प्रती मिळाल्या, त्यात अभ्र्यांचा आकडासुद्धा होता. वर्गातल्या काहींना आपापल्या माणसाचा फोटो मिळाला होता. लेक रडवेली होऊन घरी आली, आई, माझ्याच मुलाचा फोटो का नाही?

मला उत्तर देता येईना. मी तिला वर आजींकडे पाठवलं. चुकलं का माझं, बारा वर्षांच्या मुलीला पाठवायला नको होतं का, अजून ठरवता येत नाही. तासाभराने खाली आली ती वहीचं एक पान भरून. आजींनी तिला तो फोटो सांगितला होता. जळलेला. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मुलगा, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या, दोन्ही हातांनी मांजर काखेत धरलेलं, मांजराचे मागचे पाय लोंबकळत, पांढरं, एक कान काळा.

फोटोचं एवढं बारीक वर्णन आजींनी तोपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. दगड बसवले तेव्हा त्या मुलीचा मुलगा खास इंग्लंडहून आला होता (ती तोवर गेली होती), त्यालाही नाही. शेजारी उभ्या होत्या, पण तोंड उघडेना, म्हणतात. मग लेकीच्या वहीमुळे धीर आला असेल, त्यांनी माझ्याकडून त्याला पत्र लिहून घेतलं. मोठं पत्र, अल्बम, शेगडी, पावती, सगळं. मला वाटलं होतं, उत्तर येणार नाही, किंवा येईल ते शिव्यांचं येईल. आणि त्याचा हक्कच होता तो. दहा दिवसांनी उत्तर आलं. त्यात रागाचा शब्द नव्हता, माफीचाही नव्हता. तीन प्रश्न होते. कुठला कान काळा होता? मामा हसत होता का? फोटोत आणखी कुणाची सावली दिसत होती का?

सावली. फोटो काढणाऱ्याची. त्याच्या आजोबांची असेल म्हणून.

आणि तुम्ही मला विचारता, किती उगाळणार.

मला माहीत आहे खाली काय येणार. बंगालचा दुष्काळ येईल. हो, त्याच १९४३ साली लाखो माणसं आपल्याकडे अन्नावाचून मेली आणि त्यांच्या नावाचा दगड कुठे नाही. मान्य. मग तेही मागा, याला नको का म्हणता? गाझा येईल. त्याबद्दल मी या भिंतीवर लिहिलंय, पुन्हाही लिहीन, पण त्या नऊ वर्षांच्या पोराच्या खात्यावर ते टाकता येणार नाही. दगडांबद्दलही वाद आहे, म्युनिकच्या महापालिकेने सार्वजनिक फुटपाथवर ते बसवूच दिले नाहीत. तिथल्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोट क्नोब्लोख, स्वतः लहानपणी लपून वाचलेल्या, म्हणतात की या माणसांची नावं पुन्हा पायदळी नकोत. त्यांच्यापुढे मी काय बोलणार? त्यांचं म्हणणं मला कळतं. तरी दर नोव्हेंबरात मी वाकते, कारण घासायला वाकावंच लागतं.

"भारताने ज्यूंना कधी छळलं नाही" हेही येईल. खरं आहे, मलाही अभिमान आहे, आपले बेने इस्रायली आपल्यातच मराठी बोलत राहिले. जर्मनीतून पळालेल्यांसाठी मुंबईच्या ज्यूंनी १९३४ मध्येच मदतीची संस्था काढली. पण १९३९ ला युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने जर्मन पासपोर्ट म्हणून अशा कितीतरी निर्वासित ज्यूंना शत्रू ठरवून नाझींबरोबर एकाच तळावर डांबलं, आणि तो तळ कुठे होता? माझ्या नगरला. मी नगरला वाढले, शाळा-कॉलेज तिथेच, आणि हे मला बर्लिनला आल्यावर कळलं.

एवढं लिहून जरा शांत वाटतंय. ग्रुपवर ज्यांनी लिहिलं ते माझ्या लग्नात माझ्या बाबांबरोबर रात्रभर राबले होते. वाईट माणूस नाही. पुढच्या वर्षी इकडे येणार आहेत, तेव्हा त्यांना ग्रुनेवाल्डला नेईन, मांजराच्या खांबाखाली नेईन. वाद घालणार नाही.

आजी आता इथे नाहीत. या वसंतात जिन्यात पडल्या, माकडहाड मोडलं, तेव्हापासून वृद्धाश्रमात आहेत. यंदा पहिल्यांदा आम्ही दोघींनीच दगड घासले. मघाशी त्यांना फोन केला. आधी विचारलं, मुलाचा नीट घासला का, सायकली लावतात तिथे तो सारखा काळा पडतो. घासला म्हटलं. मग गप्प राहिल्या, इतक्या की मला वाटलं फोन कटला. आणि म्हणाल्या, एक लिहायचं राहिलं बघ. मोजे. त्याचा एक मोजा खाली घसरून घोट्यावर गोळा झाला होता. डावा.

रात्रीचे साडेअकरा झालेत. इंग्लंडला आत्ता हेच लिहून पाठवतेय.